कर्करोग : लक्षणे, निदान, उपचार आणि आपले कर्तव्य

आपल्या असोसिएशनच्या स्मरणिकेत बाजारपेठेची वाटचाल, करांचे नवे नियम, वखारींची व्यवस्था इत्यादी विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख येत असतात. ह्या वर्षी आरोग्यविषयक एक लेख असावा असे संपादक मंडळाने ठरविले आणि तो लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होताच वडिलांच्या पेढीवर बसलो आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याची घाऊक उलाढाल करीत आलो. तथापि आनंद नगरातील शेजारी आणि करोंदच्या मंडीतील स्नेही ह्यांच्यापैकी ज्यांच्या घरी ह्या रोगाने प्रवेश केला, त्यांच्यासमवेत रुग्णालयांच्या पायऱ्या चढण्याचे प्रसंग मजवर वारंवार आले. त्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते व्यापारी कुटुंबांना उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडीत आहे.

प्रारंभी थोडे आकडे देतो, कारण आपण आकड्यांवर विश्वास ठेवणारी माणसे आहोत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले. त्या नव्या रुग्णांत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार, ओठ व मुखाच्या कर्करोगाचे १ लाख ४३ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १ लाख २७ हजार होते. म्हणजे तिन्ही मिळून जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण झाले. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, ही तिन्ही स्थाने शरीरात खोल दडलेली नाहीत. एक आरशात दिसते, दुसरे हाताला लागते आणि तिसरे साध्या तपासणीने पाहता येते. असे असूनही आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण रोग पुष्कळ पसरल्यावर डॉक्टरांकडे जातात. ह्या लेखाचे प्रयोजन एवढ्याच एका गोष्टीत आहे.

रोगाचे स्वरूप

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी झिजतात, नव्या निर्माण होतात आणि गरज संपली की वाढ थांबते. काही कारणाने एखाद्या पेशीतील ही मर्यादा नाहीशी झाली, म्हणजे ती अनावर वाढू लागते. तिचीच गाठ किंवा व्रण बनतो. पुढे त्यातील पेशी रक्तावाटे आणि रसवाहिन्यांवाटे अन्य अवयवांत जाऊन तेथे घर करतात. हा रोग स्पर्शाने होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही, आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचा शिक्काही नव्हे. रुग्णाचे ताट वेगळे मांडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना हे निक्षून सांगितले पाहिजे.

ह्या रोगाचा आणि चालीरीतींचा संबंध प्रथम शास्त्रीय रीतीने पाहणाऱ्यांत एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे टाटा विश्वस्तनिधीतून मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे होती. त्यांनी १९४५ साली आपल्या देशातील राहणीशी निगडित असलेल्या कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत एक होता धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी घट्ट कासलेल्या धोतराच्या काचाने त्वचा प्रथम काळवंडते, मग जाड होते आणि क्वचित तेथे कर्करोग उद्भवतो, असे त्यांनी दाखविले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या कमरेवरचे ते काळे वळ अनेकांना आठवत असतील. रोज घडणारी लहानशी इजा किती काळाने काय रूप घेते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

मुखाचा कर्करोग

भोपाळात गांधी वैद्यकीय महाविद्यालयात कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदवही ठेवली जाते. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर ती ह्या शहरासाठी सुरू करण्यात आली. जिभेच्या आणि मुखाच्या कर्करोगाचे पुरुषांतील प्रमाण भोपाळात देशातील वरच्या क्रमांकांत आहे, असे ही नोंदवही सातत्याने दाखवीत आली आहे. ह्याचे मुख्य कारण आपल्या गल्ल्याशेजारीच असते. तंबाखू, जर्दा, गुटका आणि सुपारी हे ते कारण. पुष्कळांचा समज असा की दोष तंबाखूचा, सुपारी निर्दोष. परंतु नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ सालीच काढला आहे.

लक्षणे अशी : गालाच्या आत, जिभेवर किंवा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट लागताच होणारी आग, दात विनाकारण हलू लागणे, मानेत गाठ, गिळताना अडचण, एका कानात ठणका. सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडाची आतील त्वचा आखडून जबडा उघडेनासा होतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्यास दाखविण्यास उशीर करू नये. पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, ती पूर्वसूचना आहे. व्यसन सुटले व योग्य उपचार झाला तर पुष्कळदा रोग टळतो.

मंडीतील दोन उदाहरणे नावे न घेता देतो. एका मुनीमजींच्या जिभेच्या कडेला व्रण झाला. दात घासून गुळगुळीत करून घेतला तरी तीन आठवड्यांत तो भरेना, तेव्हा दंतवैद्याने तुकडा तपासावयास पाठविला. रोग पहिल्या टप्प्यात निघाला. शस्त्रक्रिया झाली, दोन महिन्यांत ते पुन्हा रोजमेळ लिहू लागले, आणि आज कित्येक वर्षे ठणठणीत आहेत. दुसरे एक आडत्ये. गालातील व्रण त्यांना माघात जाणवला. पुढे गव्हाची आवक सुरू झाली, म्हणून हंगाम संपल्यावर पाहू असे ठरले. हंगाम संपला तो मुलीचे लग्न आले. लग्न आटोपेपर्यंत गालाला बाहेरून छिद्र पडले होते. जबड्याचा भाग काढावा लागला, किरणोपचार झाले, आणि वर्षाच्या आत ते गेले. दोघांचा रोग एकच, दोघांना पैशाची अडचण नव्हती. अंतर होते ते केवळ पाच महिन्यांचे. व्यापाऱ्याच्या आयुष्यात एक हंगाम संपला की दुसरा उभाच असतो, हे आपण जाणतोच.

स्त्रियांचे दोन प्रमुख कर्करोग

स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच तिची उपेक्षा होते. न दुखणारी टणक गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, काखेत गाठ ह्या खुणा आढळल्यास त्वरित तपासून घ्यावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरविण्याचा अधिकार शेजारणीचा नव्हे, डॉक्टरांचा आहे. आपल्या कुटुंबांतील भगिनी ही गोष्ट सासूबाईंपासून आणि यजमानांपासूनही लपवून ठेवतात. मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल हीही भीती असते. घरातील पुरुषांनी ‘तुला काही जाणवते काय’ असे आपुलकीने विचारण्यात संकोच मानू नये.

रोग आढळला की संपूर्ण स्तन काढावाच लागतो, ही समजूत आता जुनी झाली. लवकर सापडलेल्या रोगात गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले, तर आयुर्मान तितकेच राहते, हे वीस-वीस वर्षांच्या पाहणीने सिद्ध झाले आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १,६०० स्त्रियांवरील अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याचे साधे, स्वस्त औषध टोचले असता पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेले, असे त्यात आढळले. मोठे काम नेहमी मोठ्या खर्चानेच होते असे नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे म्हणजे पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, पतिसहवासानंतर रक्त दिसणे आणि दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे. हा रोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो आणि व्हावयास दहा-पंधरा वर्षे घेतो. म्हणून तो होण्यापूर्वीच पकडता येतो. ह्या बाबतीत महाराष्ट्रातील कार्य जगाने वाखाणले आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्याने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २००९ साली जाहीर झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री ह्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे दीड लाख स्त्रियांचा दुसरा अभ्यास झाला. तेथे शिर्क्यासारखे सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख पाहण्याची सोपी पद्धत वापरली, आणि तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला ही हकीकत विशेष भावली.

ह्या विषाणूविरुद्ध लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ती ९ ते १४ वयाच्या मुलींना देणे सर्वांत लाभदायक ठरते. मुलीच्या लग्नासाठी आपण जन्मापासून संचय करतो. त्यात ह्या लसीचाही विचार व्हावा.

अन्य कर्करोगांच्या खुणा

तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणे ह्या फुप्फुसाच्या व घशाच्या कर्करोगाच्या खुणा आहेत. त्यांस पुष्कळदा क्षय समजून महिनेच्या महिने औषध चालते. घास अडकणे ही अन्ननलिकेच्या रोगाची खूण असू शकते. शौचावाटे रक्त गेले की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. परंतु चाळिशीनंतर शौचाच्या सवयीत बदल आणि रक्त दिसल्यास मोठ्या आतड्याची तपासणी करावी. वयस्कर पुरुषांस लघवीला अडथळा झाल्यास ग्रंथी तपासून घ्यावी. अकारण वजन घटणे, सततचा ताप आणि मुलांत वारंवार निळसर डाग पडणे ह्यांकडेही दुर्लक्ष नको. मुलांचा रक्ताचा कर्करोग योग्य उपचारांनी पुष्कळदा पूर्ण बरा होतो.

धान्याच्या वखारीतील शत्रू

आता आपल्या व्यवसायाशी थेट निगडित अशी एक गोष्ट. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी असल्याचे दिसले. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन असे नाव पडले. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा ह्या जिल्ह्यांत पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन शंभरांहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. गावांतील कुत्रीही मेली. हा झाला तीव्र विषबाधेचा प्रकार. हेच विष अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो, आणि ज्यांस ब प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे त्यांना धोका अनेक पटींनी वाढतो. भाजल्याने किंवा शिजविल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही.

शासकीय मानकानुसार धान्यात व कडधान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक अफ्लाटॉक्सिन चालत नाही. शासकीय खरेदीत मक्याचा ओलावा १४ टक्क्यांपर्यंत आणि भुईमुगाच्या शेंगांचा ८ टक्क्यांपर्यंत धरतात, त्यामागील हेतू केवळ वजनाचा नव्हे. ओला माल थप्पीत लावणे, जमिनीवर फळ्या न टाकता पोती रचणे, भिजलेले चार कट्टे शंभर कट्ट्यांत मिसळून ‘जिरवणे’ ह्या गोष्टी आपल्या धंद्यात घडतात हे सर्वांस ठाऊक आहे. बुरसटलेला दाणा निवडून नष्ट करावा. तो जनावरांसही घालू नये, कारण विषाचा अंश दुधात उतरतो. भाव पडला तर तो पुढे सावरतो. पण असा माल ज्याच्या घरी जातो त्याची हानी आपल्या कोणत्याही वहीत जमा-नावे होत नाही.

निदान कसे होते

पोत्याकडे बाहेरून पाहून कोणी मालाचा भाव करीत नाही. परखी खुपसून चार ठिकाणचे दाणे हातावर घेतो, तेव्हाच माल कळतो. कर्करोगाच्या निदानाचेही तसेच आहे. गाठीचा अथवा व्रणाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. बहुतेक प्रकारांत हिच्यावाचून निदान पक्के होत नाही. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही समजूत निराधार आहे. अशा समजुतीने घालविलेल्या दिवसांत मात्र रोग खरोखरच पसरतो. एकाच रक्ततपासणीत सर्व कर्करोग कळतात अशा जाहिरातींवरही विसंबू नये. निदानानंतर सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय किंवा पेट स्कॅन करून रोग किती पसरला आहे ते पाहतात आणि त्यावरून एक ते चार असे टप्पे ठरवितात. उपचाराची दिशा ह्या टप्प्यावर अवलंबून असते.

उपचार

उपचाराचे तीन मुख्य मार्ग आहेत : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे. किरणोपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात. त्यांत वेदना होत नाहीत. औषधांत केमोथेरपी ठरावीक अंतराने देतात. केस जातात, मळमळ होते. परंतु केस पुन्हा येतात आणि मळमळीवर आता चांगली औषधे आहेत. रोगाच्या प्रकारानुसार संप्रेरकांवरील व प्रतिकारशक्ती वाढविणारी नवी औषधेही निघाली आहेत. उपचार अर्धवट सोडणे सर्वांत घातक होय. जडीबुटीसाठी, अंगाऱ्यासाठी पहिले तीन महिने घालवून मग रुग्णालयात जाणाऱ्यांनी आपली सर्वांत मोलाची पुंजी आधीच खर्चिलेली असते.

आपल्या घरांत उपवासाची परंपरा मोठी आहे. परंतु उपचार चालू असता शरीरास पोषण हवे असते. दूध, दही, डाळी, उसळी भरपूर घ्याव्यात आणि पर्युषणातील उपवासाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल तरीही वेदनाशमनाचे उपचार असतात. तोंडाने घेण्याच्या मॉर्फिनने असह्य वेदना आटोक्यात येतात आणि २०१४ च्या कायदेबदलामुळे ते मिळण्याची वाट सुलभ झाली आहे. रुग्णास तळमळत ठेवण्यात कोणतेही पुण्य नाही.

भोपाळात ईदगाह हिल्सवरील जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय, साकेत नगरातील एम्स आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय येथे उपचार होतात; ऊठसूट मुंबई गाठण्याची गरज नाही. मुंबईस जावेच लागले तर बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखे आश्रय आहेत. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, हे कवच लागू झाले आहे. आपल्या वृद्ध मातापित्यांचे कार्ड काढले आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे.

असोसिएशनपुढे काही सूचना

मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ रोजी गुटक्यावर बंदी घातली. असे करणारे हे पहिले राज्य. पण त्यानंतर पानमसाल्याची एक पुडी आणि जर्द्याची दुसरी अशी जोडविक्री सुरू झाली. गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून खाते. आपल्या किरकोळ विक्रेत्या सभासदांपैकी काहींच्या दुकानांत ह्या माळा लटकलेल्या दिसतात. आपल्या घरी ज्या वस्तूला उंबरा ओलांडू देत नाही, ती दुसऱ्याच्या मुलाला विकावी काय, ह्याचा विचार वार्षिक सभेत उघडपणे व्हावा. नफा किती आणि गिऱ्हाईक किती तुटेल, ह्याचाही हिशेब तेथे मांडला जावा. तो प्रश्न खोटा नाही. परंतु निर्णय टाळू नये.

दुसरे, असोसिएशनच्या समारंभांत तबकात सुपारी आणि तंबाखू ठेवण्याची प्रथा बंद करावी. बडीशेप आणि वेलदोडा पुरे. तिसरे, वर्षातून एकदा मुखाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करणारे शिबिर भरवावे. ते हंगामाच्या आधी घ्यावे, म्हणजे सबब उरणार नाही. त्यात केवळ सभासदांची कुटुंबे नव्हेत, तर आपले हमाल, तोलणारे आणि धान्य निवडणाऱ्या बायाही असाव्यात. दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाची भूक मारण्याचे साधन तंबाखूच असते, आणि त्याला रोजंदारी बुडवून रुग्णालयात जाणे परवडत नाही. त्या दिवसाची मजुरी पेढीने द्यावी. चौथे, रुग्णासमवेत जाण्यास तयार असलेल्या चार-पाच सभासदांची यादी कार्यालयात ठेवावी. पैशाइतकीच सोबतीची गरज असते, हे मी रुग्णालयांच्या बाकांवर बसून पाहिले आहे.

सभासद बंधू-भगिनींनी हा लेख वाचून आज रात्री आरशासमोर तोंड उघडून पाहिले आणि ज्यांस काही संशय वाटला त्यांनी उद्या दुकान उघडण्यापूर्वी डॉक्टरांची वेळ घेतली, तर संपादक मंडळाने ही पाने व्यर्थ खर्च केली नाहीत असे मी समजेन. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत पहिल्या शिबिराचा वृत्तान्त छापावयास मिळो, एवढी विनंती करून लेख पुरा करतो.